मामाने शिकवलेला फ्यूग

"ताई, तू फक्त बघत राहा! अर्ध्या तासात ही पोरं बाखला काका म्हणायला लागली नाहीत, तर नाव बदलीन!"

मामा असं छातीठोक बोलला की ताई सावध व्हायची. पंचेचाळिशी आली तरी धाकट्या भावाच्या अंगातली खोडी जात नव्हती. परवाच त्याने मेहुण्यांच्या बुटाच्या टाचेत बारीक घुंगरू बसवलं होतं. बिचारे दिवसभर ऑफिसात मांजर शोधत होते! पण पियानोचे सूर जुळवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि मुख्य म्हणजे तो फुकट होता.

ताई वाचनालयात मुलांचा विभाग सांभाळायची. त्या शनिवारी तिने मुलांना बरोक संगीताची, म्हणजे बाख-विवाल्डीच्या काळातल्या युरोपी संगीताची, ओळख करून द्यायचं ठरवलं होतं. त्यामागे कारण होतं. मुलांची खोली काढून तिथे जुन्या फायली कोंबायचं वरच्यांच्या मनात होतं. वाचनालयाच्या प्रमुख, म्हणजे मोठ्या बाई, साडेअकराला येऊन बघणार, आणि तिथल्या तिथे सांगणार होत्या, खोली पोरांची की फायलींची.

"हे बघ, आज थट्टा नको," ताई म्हणाली. "जीव आहे रे माझा या खोलीत."

"शपथ!" मामा म्हणाला. मामाची शपथ म्हणजे साबणाचा फुगा.

अकरा पोरं जमिनीवर बसली होती. पुढे ताईची मुलगी. सहा वर्षांची, एवढीशी, आणि आवाज त्याहून एवढासा. म्हणून सगळे तिला मुंगी म्हणायचे.

मामाने बाखचं चित्र वर धरलं.

"ही कुणाची आजी?" मागून एक टारगट आवाज.

"अरे, आजी कसली! बाख आहेत हे! तो केसांचा टोप आहे. तेव्हा भारीतली माणसं असले टोप घालायची."

"आत टक्कल होतं?"

"मलाही विचारायचं होतं, पण जन्माला यायला तीनशे वर्षं उशीर झाला! यांना वीस मुलं झाली, माहितीये?"

"वीस? मग घरात गप्प कोण बसायचं?"

"कुणीच नाही! म्हणूनच बहुतेक, सगळे एकदम बोलले तरी गोड कसं वाटावं, हे यांना बरोब्बर ठाऊक होतं."

विवाल्डीचे केस लाल होते, इथवर पोरं खूश होती. पण मामाने खरं संगीत लावलं आणि जांभया सुरू झाल्या. एक पोरगं तर शेजारच्याच्या खांद्यावर पेंगलं! घड्याळात अकरा वीस. ताईने दारातून असे डोळे वटारले की मामाने खटकन संगीत बंद केलं.

"आता आपणच फ्यूग करू!" तो ओरडला. "सोपं आहे. एकाने एक वाक्य म्हणायचं. तो पुढे गेला की दुसऱ्याने तेच वाक्य धरायचं, मग तिसऱ्याने. पहिल्याने थांबायचं नाही! चला, वाक्य कोण देतं? अगदी मनातलं हवं!"

मुंगी उभी राहिली. पायाला पाय चिकटवून.

"मामा, मला शू लागलीय."

पोरं खो खो हसली. दुसरा कुणी असता तर पोरीला बाहेर सोडून मोकळा झाला असता. पण जन्मभर दुसऱ्यांच्या टोप्या उडवलेला माणूस! त्याला वाटलं, पोरगी आपल्यावरच गेली! त्याचा ऊर भरून आला.

"वा गं माझी भाची! हेच वाक्य! तू पहिला आवाज. जागची हलू नकोस हं, पहिला आवाज हलला की सगळं कोसळतं!"

"पण मामा, खरंच..."

"ऐकलंत? 'खरंच'! ही दुसरी ओळ! खिडकीवाले, तुम्ही धरा!"

आणि काय सांगू! झोपलेलं पोरगंसुद्धा उठलं! उजवीकडून 'मला शू लागलीय', डावीकडून 'खरंच लागलीय', मागच्या जाड्या पोराच्या खर्जात 'शूऽऽ', आणि वर मुंगीचं बारीक 'आता थांबत नाहीये'! सगळं एकमेकांत असं गुंफलं की मामा डोळे मिटून दोन्ही हात हवेत फिरवायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं कुणी एवढं मन लावून ऐकत होतं!

त्याने डोळे उघडले. मुंगीचा आवाज बंद झाला होता.

तिचे डोळे डबडबले होते. आणि तिच्या बुटांभोवती पाणी हळूहळू पसरत होतं.

मामाचे हवेतले हात खाली आले. पोरांचं अजून लक्ष गेलं नव्हतं, पण जाणार होतं. शाळेत, जिन्यात, बागेत, वर्षभर पोरीला चिडवणार होते. ते कसं असतं हे मामाएवढं कुणाला ठाऊक? चिडवणाऱ्यांत तोच पहिला असायचा!

बाहेर मोठ्या बाईंच्या टाचा वाजल्या. मामाने टेबलावरचा पाण्याचा जग उचलला, मुंगीपाशी झेप घेतली, आणि अडखळल्याचं सोंग करत अख्खा जग ओतला. थोडं जमिनीवर, थोडं मुंगीवर, आणि उरलेलं सगळं स्वतःच्या पँटवर!

जग गडगडत कपाटाखाली गेला. दार उघडलं.

मोठ्या बाई थबकल्या. समोर कमरेपासून खाली निथळणारा प्रौढ गृहस्थ, आणि त्याच्याभोवती दहा पोरं सुरात गातायत, 'मला शू लागलीय!'

फ्यूग संपेपर्यंत बाई हलल्या नाहीत. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "पोरं एकमेकांचं ऐकतायत हे मी या इमारतीत पहिल्यांदा पाहिलं. फायली जातील तळघरात. खोली मुलांचीच."

ताईने लगबगीने बाईंसाठी दार धरलं. बाई जाता जाता तिच्या कानाशी वाकल्या. पण त्यांची कुजबुजसुद्धा मागच्या रांगेपर्यंत पोचायची.

"पुढच्या वेळी पाहुण्यांना आल्या आल्या बाथरूम कुठंय ते दाखवत जा. या वयात होतं असं."

पोरांना हसू फुटलं! मामा तोंड उघडणार, तेवढ्यात त्याचं लक्ष मुंगीकडे गेलं. तिच्याकडे कुणीसुद्धा बघत नव्हतं. त्याने तोंड मिटलं आणि मान खाली घातली.

मुंगीने हळूच त्याचा ओला खिसा ओढला.

"मामा, तुलापण लागली होती?" ती कानात म्हणाली. "मग वेड्या, सांगायचं ना!"