नंदूच्या नावे मंजूर किडनी

निसर्गाने माणसाला दोन किडन्या दिल्या आहेत. एक जगण्यासाठी आणि दुसरी बोलण्यासाठी. पहिलीचं काम रक्त गाळण्याचं असून ते ती गुपचूप करते. दुसरीच्या कामगिरीची मात्र शास्त्राने पुरेशी दखल घेतलेली नाही, म्हणून हे टिपण.

शाळेच्या पुस्तकात या अवयवाला मूत्रपिंड म्हणतात, मटणाच्या दुकानात गुर्दा. (आमचे शेजारी क्लेमेंट परेरा रविवारी तो वेगळा मागून घेतात.) पण 'तुझ्यासाठी मूत्रपिंड देईन' असं कुणी म्हणत नाही, ऐकणाराच संकोचेल. 'गुर्दा देईन' म्हटलं तर तो पिशवी पुढे करेल. किडनी म्हटलं की कसं, शब्दाला वजन येतं. फ्लॅटचा भाव ऐकून, मोबाइल बघून, पोराच्या ॲडमिशनच्या वेळी मुंबईतल्या आमच्या चारकोपचा माणूस किडनी विकायला काढतो आणि संध्याकाळी दोन्ही घेऊन घरी येतो.

आमच्या सोसायटीत या शब्दाचा सर्वात मोठा लाभार्थी म्हणजे नंदू तळवडेकर. त्याच्याकडे गेटजवळचं पार्किंग होतं आणि गाडी नव्हती. कुणाकडे पाहुणे आले की नंदू ती जागा देई आणि घेणारा त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणे, "नंदू, किडनी माग, काढून देतो." इमारतीत माणसं दीडशे, म्हणजे किडन्या तीनशे. नंदूला शब्दाने मिळालेल्या अंदाजे चारशे. वरच्या शंभर कुठून येणार, हे कुणी विचारलं नाही, कारण प्रेमात हिशेब बघत नाहीत.

नंदूची बायको जानकी मात्र या बाबतीत फारच मागासलेली. तिने उभ्या आयुष्यात कुणाला किडनी देऊ केली नाही. किडनी सोडा, मिक्सरचं भांडंसुद्धा दिलं नाही; परत येताना झाकण येत नाही, असं तिचं म्हणणं. अशी बाई शेजारी असणं किती वाईट, यावर आम्ही जिन्यात बरेचदा बोललो आहोत.

गेल्या वर्षी नंदूच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. डायलिसिसवर फार दिवस निभणार नाही, लवकर किडनी बसवली नाही तर माणूस हातचा जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. आम्हाला धक्काच बसला. चारशे किडन्यांचा धनी आणि त्याच्यावर ही वेळ यावी.

सेक्रेटरी विद्याधर यांनी तातडीची सभा बोलावली. नंदूला एक किडनी देण्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात सर्वानुमते मंजूर झाला. (विरोधात शून्य, तटस्थ शून्य.) कुणाची द्यायची, हा तपशील उपसमितीकडे सोपवण्यात आला.

उपसमितीने जीव ओतून काम केलं. ए विंगचं म्हणणं, नंदू बी विंगचा, तेव्हा बी विंगने बघावं. बी विंगचं म्हणणं, पाण्याची टाकी दोघांची तर किडनीही दोघांची. भाडेकरूंकडून घ्यावी अशीही सूचना आली, पण त्यांना व्हिजिटर पार्किंगही आपण देत नाही, मग कोणत्या तोंडाने मागायची, असं ठरलं. क्लेमेंट खरोखरच जाऊन तपासणी करून आले. त्यांना मधुमेह निघाला. (असे उतावीळ लोक प्रत्येक सोसायटीत असतात.) नात्यात नसलेल्याने किडनी द्यायची तर ती प्रेमापोटी देतोय हे सरकारी समितीला पटवावं लागतं, हे कळल्यावर उपसमितीच्या अध्यक्षाने, म्हणजे देवदत्तने, फाइल मिटली. मग म्हणाला, "प्रेम आहे रे, पण कागदोपत्री काहीच नाही ना."

दरम्यान जानकी कुणाला न सांगता तपासण्या करून आली. जुळलं. नंदू रडायला लागला, नको म्हणाला, तुझं काही बरंवाईट झालं तर? तिने भाकरी थापता थापता सांगितलं, "गप रव. ही मी परत मागूचंय नाय."

ऑपरेशन पार पडलं. नंदू वाचला. आम्हाला मनापासून आनंद झाला, आणि गेटवर बॅनर लागला: 'किडनी ठरावाची यशस्वी अंमलबजावणी'. त्यावर उपसमितीतल्या सगळ्यांचे फोटो होते. जानकीचा जागेअभावी राहिला.

नंदूला घेऊन जानकी टॅक्सीने आली, तेव्हा त्याच्या जागेवर देवदत्तच्या मेव्हण्याची गाडी उभी होती. टॅक्सी बाहेर रस्त्यावरच थांबली. नंदू पोटाचे टाके सांभाळत उन्हात उतरला. वॉचमनने वर फोन लावला. देवदत्तने नम्रपणे कळवलं की पाहुणे जेवायला बसलेत, पाच मिनिटं लागतील. नंदूसाठी आपण किडनी देऊ, पण माणसाला भरल्या ताटावरून उठवणं बरं दिसत नाही.

देवदत्तचा तुम्हाला राग आला असेल. येणारच, तुम्ही मनाने चांगले आहात. तुम्ही कुणाला किडनी वगैरे बोलत नाही. तुमचं आपलं साधं असतं, "काही लागलं तर हक्काने सांग." मघाशी हे वाचताना फोन वाजला, आणि नाव बघून तुम्ही तो पालथा ठेवलात. त्याला बहुधा काहीतरी लागलं होतं.