मागच्या मालकाचे नाव

माझं अक्षर वाईट आहे, आणि ऱ्हस्व कुठं, दीर्घ कुठं हे चौथीत सुटलं ते सुटलंच. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. ही दोन वाक्यं आप्पांनी पाहिली असती तर कागद तळहातावर घेऊन दोनदा वरखाली उडवला असता आणि म्हणाले असते, "जड झालाय. हे काढ."

आप्पा कागदाचं वजन करायचे. खरोखर करायचे. दौंड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात त्यांची बावीस वर्षं गेली होती, आणि जगातली प्रत्येक वस्तू पार्सल आहे अशी त्यांची खात्री झाली होती. मी सांगते तो काळ बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या दोन-तीन वर्षांतला. जो उठेल तो नोकरीचा अर्ज लिहून घ्यायला त्यांच्याकडे येई. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर ते पत्र्याची पेटी मांडून बसत. अर्ज फुकट. पण आधी केलेल्या कामाला चारच ओळी. पाचव्या ओळीपासून ओळीला दहा पैसे.

"लगेज जादा झालं की भाडं पडतं," म्हणायचे.

भाडं कुणाला पडत नसे, कारण त्यांची लाल पेन्सिल पाचवी ओळ जगूच देत नसे.

राहू गावचा एक पैलवान गडी कारखान्यात वॉचमन व्हायला निघाला होता. त्यानं दोन पानं लिहून आणली. आप्पांनी उडवून पाहिली आणि मनगट चोळलं.

"पैलवान, ह्यात तुझ्या आज्यानं वाघ मारलाय. नोकरी आज्याला पायजे का तुला?"

"वजन पडतं ना आप्पा."

"वजनच पडतंय. आन् हे काय, 'आपल्या चरणी नम्र विनंती'? सायबाला दोनच पाय. सगळ्यांनी धरले तर तो उठंल कसा?"

दोन पानांच्या तीन ओळी झाल्या. नाव, गाव, 'दोन वर्षे रात्रीची राखण, चोरी नाही'. पैलवानाला नोकरी लागली.

"कोण, कुठनं, कुठं, आत काय. लेबलावर चार गोष्टी लागत्यात. बाकी सगळी सुतळी," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. मात्र खोटं लिहू देत नसत. अकरा ठिकाणी काम करून आलेला माणूस असला तर आठ कामं काढून टाकत, पण नसलेलं एकही घालत नसत. "खोटं लेबल लावलं की माल भलत्याच टेशनात उतरतो, आन् मग कोण सोडवायला येत न्हाई."

छापील अर्जांवर त्यांचा विशेष राग. 'शैक्षणिक अर्हता' असं छापलेलं असेल तर वर पेन्सिलीनं 'साळा किती?' लिहीत. 'वैवाहिक स्थिती'वर 'नवरा हाय का?' साहेबानं वाचलं तर काय म्हणेल, असं कुणी विचारलं तर म्हणत, "त्यालाबी पहिल्यांदाच कळंल."

पण एका रकान्यानं त्यांनाही घाम फोडला. शिरूरच्या दवाखान्यात आयांच्या जागा निघाल्या आणि आम्ही सगळ्या बाया अर्ज घेऊन ओट्यावर गेलो. भाजीवाली गजराबाई पुढं होती. आप्पांनी वाचलं, "मागच्या मालकाचे नाव."

गजराबाईनं पदर खोचला. "मागचा मालक? आप्पा, जिभंला काय हाड? मला एकच मालक हाय, आन् तोबी काय कामाचा न्हाई!"

"अगं, मालक म्हंजी ज्याच्याकडं काम केलं तो."

"मग त्योच की! बारा वर्सं राबतीया त्याच्याकडं."

"बरं. काम सोडण्याचं कारण?"

"सोडलं कुठं? सोडता आलं असतं तर हितं आले असते का?"

ओट्यावर हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. आप्पांनी मात्र पेन्सिल कानावर ठेवली आणि त्या रकान्याकडं बघत बसले.

माझी पाळी शेवटी आली. मी मुद्दामच शेवटी थांबले होते. चार माणसांत माझ्या तोंडातून शब्द निघत नाही. आणि मला ती नोकरी हवी होतीच. नवरा वारून सात वर्षं झाली होती, सासूबाईही पावसाळ्यात गेल्या. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर धाकटे दीर सरळ म्हणाले होते, "वैनी, आता हितं तुमचं काय काम?" वाईट बोलले नाहीत. त्यांच्याच घरात पाच खाणारे. पण कवठे येमाईला माहेरी भावाच्या दारात मला उभं राहायचं नव्हतं.

"इंदू, आधी काय काम केलं?" आप्पांनी विचारलं.

"काही नाही. घरीच. रिकामी."

त्यांनी टाक खाली ठेवला. "काय म्हणलीस?"

"रिकामी होते."

"सासूला काय झालं हुतं?"

"अंगावरून वारं गेलं होतं. सहा वर्षं अंथरुणावर."

"कूस कोण बदलायचं?"

"मी."

"किती येळा?"

"दर दोन-तीन तासांनी. नाहीतर पाठ सोलते."

"सोलली कवा?"

"एकदाही नाही," मी म्हटलं, आणि माझा आवाज मोठा आला म्हणून मीच दचकले.

"एकदाबी न्हाई! आन् म्हणं रिकामी! बावीस वर्सांत पार्सलात माझ्या हातनं चिनीमातीच्या किती बरण्या फुटल्या ठाव हाय?"

मग ते लिहीत सुटले. कूस बदलणे, अंग पुसणे, पेज चमच्यानं भरवणे, घासातला ठसका ओळखणे. मागच्या मालकाचे नाव, सासूबाईंचं. पगार, दोन वेळचं जेवण. काम सोडण्याचे कारण, मालकीणबाई वारल्या. रकाना संपला तशी कडेला पुरवणी चिकटवली. अकरा ओळी झाल्या. लाल पेन्सिल कानावरच राहिली.

"सात जादा. सत्तर पैसं," ते म्हणाले.

माझ्याकडं सत्तर पैसे नव्हते.

"मग टू-पे. माल पोचल्यावर भाडं."

शिरूरला डॉक्टरीणबाईंनी ती पुरवणी दोनदा वाचली. एकच प्रश्न विचारला, कूस कशी बदलायची? मी तपासायच्या टेबलावरची उशी घेतली आणि खांद्याखाली हात कुठं, कमरेखाली कुठं, ते करून दाखवलं. जागा मिळाली. दवाखान्यामागं राहायला खोलीही मिळाली.

पहिला पगार झाला आणि रविवारच्या एसटीनं मी दौंडला आले. आप्पा ओट्यावर एकटेच होते. मी सत्तर पैसे पेटीवर ठेवले. त्यांनी मोजले, पण उचलले नाहीत. पेटीतून दवाखान्याचाच एक उरलेला कोरा अर्ज काढला आणि टाक माझ्यापुढं केला.

"लिही."

"मी? माझं अक्षर..."

"माझ्या अक्षरात असा अर्ज एकदा चुकलाय."

मग त्यांनी सांगितलं. बायको आजारी पडली तेव्हा रजा संपल्या, म्हणून त्यांनी रेल्वेची नोकरी सोडली. दोन वर्षं तिचं सगळं केलं. पैसे संपले तसा एका गोडाऊनला अर्ज केला. मागच्या दोन वर्षांत काय काम केलं, असा रकाना होता. आप्पांनी एकच शब्द लिहिला, 'रिकामा'.

"लेबल आखूड पायजे ना," ते म्हणाले. "अर्ज तिच्या उशाशी ठेवला हुता. तिला वाचता येत हुतं, इंदू. वाचला तिनं."

मी टाक बुडवला. मागच्या मालकाचे नाव, शेवंताबाई. अंघोळ घालणे. भात मऊ करून भरवणे. वेणी घालणे.

"तीन पेडांची. लिही, तीन पेडांची."

लिहिलं. काम सोडण्याचे कारण?

आप्पांनी रुळांकडं तोंड केलं. "सोडलं न्हाई, असं लिही."

"कुठं धाडायचा हा?"

"कुठं न्हाई."

वाळल्यावर त्यांनी कागद तळहातावर घेतला. उडवला नाही, नुसता धरला. "वळी मोज."

मी मोजल्या. "अकरा."

"म्हंजी सात जादा," ते म्हणाले, आणि पेटीवरचे सत्तर पैसे माझ्याकडं सरकवले.

"राहू द्या, आप्पा."

"भाडं म्हंजी भाडं. घे."

पन्नासाचं एक नाणं आणि दहाची दोन, मीच आणलेली. मी मोजून घेतली. "तुझं माझं फिटलं," आप्पा म्हणाले.