कोरं नाणं आणि चाळीस चकत्या

अनुस्वाररावांनी छापखान्यात चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आणि त्याबद्दल त्यांना कुणी कधी दोन गोड शब्दही ऐकवले नाहीत. ते मुद्रितशोधक होते. बुटके, गोल, आणि संधी मिळेल तिथे कुणाच्याही डोक्यावर बसायला तयार, म्हणून छापखान्यातल्या मंडळींनी त्यांना हे नाव दिलं होतं. निवृत्त होऊन घरी आले तरी ते नाव सुटलं नाही. शेजारीपाजारीसुद्धा त्यांना याच नावाने हाक मारू लागले.

तर अशा या माणसाला साठी उलटल्यावर कळलं, की टांकसाळीतही चुका होतात. एखाद्या नाण्यावर छाप सरकतो, एखाद्यावर दोनदा पडतो, आणि अशी चुकलेली नाणी लोक मूळ किमतीच्या शेकडो पट मोजून विकत घेतात. हे वाचलं त्या दिवशी अनुस्वारराव जेवले नाहीत. चौतीस वर्षं आपण ज्या गोष्टीचा नायनाट करत बसलो, तिलाच लोक मखमलीवर ठेवतात?

आठ दिवसांत त्यांनी बाजारातला एक नाणेवाला गाठला आणि नाणं घेऊन आले. चुकांमधली सगळ्यात मोठी चूक म्हणता येईल असं ते नाणं होतं. त्याच्यावर काहीच नव्हतं. ना आकडा, ना चित्र, ना अक्षर. छापाच्या यंत्रातून न छापताच निसटलेली ती एक गुळगुळीत, गोल, पोलादी वस्तू होती.

"कोरं आहे," नाणेवाला म्हणाला होता, "म्हणूनच महाग आहे."

पैसे त्यांनी ओट्याखालचा गंजलेला पाईप बदलायला म्हणून बाजूला ठेवलेल्या रकमेतून दिले. सगळेच दिले. दोन महिन्यांत तिप्पट भावाने नाणं विकायचं, पाईप बदलायचा, वर बायकोला नवी शेगडी घ्यायची आणि मग सगळं सांगायचं, असा त्यांचा बेत होता. तोपर्यंत त्यांनी बायकोला एवढंच सांगितलं, "अगं, पाईपची एवढी घाई नाही. तूर्त डागडुजी करून घे."

बायकोने दुसऱ्याच दिवशी प्लंबरला बोलावलं.

अनुस्वारराव त्या वेळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे राहून उजेडात नाणं न्याहाळत होते. चष्म्यातून पुरेसं दिसेना, म्हणून नाणं खिडकीतल्या वाटीत ठेवून ते कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे भिंग आणायला गेले. अर्ध्या तासाने आले तेव्हा ओट्याखालची टपटप थांबली होती, प्लंबर गेला होता आणि वाटी रिकामी होती.

"अगं, इथे वाटीत होतं ते कुठे आहे?"

"काय होतं?"

"गोल. चकचकीत."

"ती चकती होय? प्लंबरला दिली. पाईपचं ते वापरात नसलेलं तोंड गळत होतं ना, ते बंद करायला त्याला चकती हवी होती. मी म्हटलं, वाटीत पडलीय बघ एक."

अनुस्वारराव ओट्याला धरून खाली बसले. पाईपच्या तोंडावर पितळेची टोपी घट्ट बसवलेली होती. त्यांनी ती हाताने पिळून पाहिली, फडक्याने पिळून पाहिली.

"अहो, आत्ताच बसवलंय ते. आणि एका चकतीचं काय एवढं?"

"ती चकती नाही, ते नाणं आहे," असं अगदी ओठांवर आलं होतं. पण नाणं म्हटलं की किंमत आली, आणि किंमत म्हटली की पाईप आला. ते म्हणाले, "मला वाटतं, अजून गळतंय."

"कुठे गळतंय?"

"आतल्या आत."

बायकोने त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि प्लंबरला पुन्हा फोन केला.

प्लंबर वरच्याच मजल्यावर काम आटोपत होता, तो लगेच उतरला. आतल्या आत गळणारा पाईप त्याने आयुष्यात पाहिला नव्हता, तरी गिऱ्हाईकाचं मन राखायला त्याने इमारतीचा मुख्य नळ बंद केला आणि टोपी उघडली. आतून रबर निघालं, मग चकती निघाली. अनुस्वाररावांनी ती झडप घालून घेतली, भिंग लावलं आणि त्यांचा चेहरा गोंधळला. कड थोडी वेगळी वाटत होती. की तशीच होती? कोऱ्या वस्तूची खूण तरी कशी लक्षात ठेवायची?

"ही वाटीतलीच ना?"

"नाही साहेब. तुमची होती केसभर मोठी. ती मी वरच्या बाईंकडे बसवली. त्यांचंही तोंड गळत होतं."

"म्हणजे तुझी आमच्याकडे आणि आमची त्यांच्याकडे?"

"हो. हिशेब बरोबर झाला की."

वरच्या मजल्यावर एक शिक्षिकाबाई राहत. त्यांनी दार उघडलं ते डोक्याला साबणाचा फेस आणि वर टॉवेल अशा अवस्थेत.

"माझं पाणी कुणी बंद केलं?"

"दोन मिनिटं, बाई," अनुस्वारराव म्हणाले, "तुमच्या पाईपात माझी एक वस्तू राहिलीय."

"माझ्या पाईपात? तुमची?"

तोवर प्लंबर ओट्याखाली शिरला होता. त्याने टोपी उघडली, चकती काढली आणि अनुस्वारराव ओणवे होऊन हात पुढे करतात न करतात तोच, वीस वर्षांच्या सवयीने, आपल्या पत्र्याच्या डब्यात टाकली. खाली काढलेली पहिलीही त्याने तिथेच टाकली होती. मग चांगलं रबर शोधायला त्याने डबा खळाखळा हलवला.

डब्यात चाळीसेक चकत्या होत्या. सगळ्या गोल, सगळ्या चकचकीत, सगळ्या कोऱ्या.

अनुस्वाररावांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून बायको खालून धावत आली. आता बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यांनी आधी नाणं कबूल केलं, मग नाणेवाला, आणि शेवटी अगदी बारीक टायपात रक्कम. रक्कम ऐकून बायको खाली गेली आणि बाहेर जायच्या चपला घालून परत आली. अनुस्वाररावांना ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"चला. ज्याने विकलं त्यालाच ओळखू दे."

"थांबा," शिक्षिकाबाई म्हणाल्या, "माझ्या नळातली चकती माझी आहे. मी या माणसाला चकतीसकट पैसे दिलेत."

"अहो बाई, ते नाणं आहे."

"माझ्याकडे बसवलं तेव्हा ती चकती होती."

मुद्दा व्याकरणाचा होता, त्यामुळे अनुस्वाररावांना पटकन खोडता आला नाही. प्लंबर म्हणाला, डबा माझा, तो मी एकटा कुठे पाठवणार नाही. अखेर चौघेही निघाले. पुढे बायको, मागे डबा छातीशी धरलेला प्लंबर, त्याच्यामागे डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या शिक्षिकाबाई, आणि सगळ्यात शेवटी, हातात भिंग घेऊन, अनुस्वारराव.

नाणेवाल्याचं दुकान एका माणसापुरतं होतं. चौघे आत शिरल्यावर दार लागेना. हकीकत ऐकून तो दिलखुलास हसला.

"घाबरू नका. पारखी नजरेला एक मिनिट लागतं."

त्याने मखमल पसरली, चकत्या ओतल्या, डोळ्यावर भिंग चढवलं. एकेक उचलून त्याने काट्यावर तोलली, कडेवरून नख फिरवलं. एक मिनिट झालं, दहा झाली. शेवटी त्याने एक चकती चिमट्यात धरून वर केली.

"हे तुमचं नाणं. वजन बघा, कड बघा. ही सफाई टांकसाळीशिवाय येत नाही."

प्लंबरने मान पुढे काढली. "ही? हिला माझ्या पकडीचा ओरखडा आहे बघा. घरी दिवाणखाना रंगवला तेव्हापासून ही माझ्या डब्यात आहे."

नाणेवाल्याने ओरखडा पाहिला आणि चकती खाली ठेवली. मग दुसरी उचलली. "मग हे."

"तिच्याबरोबरची तिची बहीण. दोन्ही एकाच पुडीतल्या."

त्यानंतर नाणेवाल्याने बोलणं बंद करून नुसतं तोलायला सुरुवात केली. शेवटी काट्यावर नेमक्या एकाच वजनाच्या अकरा चकत्या निघाल्या. त्याने कपाळ पुसलं.

"या अकरांतलं एक नक्की खरं आहे. कदाचित अकराच्या अकरा खरी असतील."

"मी लोखंडवाल्याकडून डझनावर घेतो," प्लंबर म्हणाला.

"डझनावर घेता? मग मला अकराच का सापडल्या?"

"एक वरच्या गल्लीत बसवलीय."

अनुस्वाररावांना आपलं नाणं हरवलं याचं दुःख करायचं, की आपल्याजवळ नाणं होतं तरी का याचं, तेच ठरवता येईना. अशा वेळी बायकोने, घरून निघाल्यापासून पहिल्यांदा, तोंड उघडलं.

"एक विचारू का? तुम्ही यांना विकलंत तेव्हा हे नाणंच आहे, चकती नाही, हे कशावरून ओळखलं होतं?"

"कशावरून म्हणजे? अहो, एवढी वर्षं धंद्यात..." नाणेवाला थांबला. त्याने डोळ्यावरचं भिंग उतरवलं. "ज्याने मला विकलं, त्याने दिलेल्या पाकिटावर तसं लिहिलेलं होतं."

"आणि त्याला कुणी सांगितलं?"

नाणेवाला बिचारा लबाड नव्हता, हे त्याच्या तोंडाकडे पाहूनच कळत होतं. त्याने गुपचूप खण उघडला, रक्कम काढली आणि बायकोच्या हातावर ठेवली. मग हळूच म्हणाला, "पैसे परत दिले, म्हणजे आता यातलं एक माझं."

"ओळखा आणि घ्या," प्लंबर म्हणाला.

नाणेवाल्याने अकरा चकत्यांकडे पाहिलं, मग सगळ्या चाळीसांकडे पाहिलं, आणि डबा प्लंबरपुढे सरकवला.

परतताना बायको अनुस्वाररावांच्या दहा पावलं पुढे चालत होती, पण शिक्षिकाबाईंना हाताला धरून तिने रस्ता ओलांडून दिला, कारण साबण आता त्यांच्या डोळ्यांत उतरत होता. त्यावरून अनुस्वाररावांनी ताडलं की राग सगळ्या जगावर नाही, एकाच माणसावर आहे.

दुसऱ्या दिवशी पाईप बदलला. नवा पाईप, नवे जोड, तोंडावर चकती, कुठे थेंब नाही. वरचंही तोंड बंद झालं. संध्याकाळी प्लंबरने दोन्ही घरांना कागदावर लिहून दिलेल्या रकमेत चकतीचा भाव होता आधीच्या चौपट.

"हे काय?" बायकोने विचारलं. "काल तर ही जवळपास फुकट होती."

"काल ती चकती होती, ताई. आता डब्यातली एक खरी आहे, असं दुकानदार स्वतः म्हणालाय. कुठली ते कुणालाच ठाऊक नाही. मग मी एखादीच स्वस्त कशी देऊ?"

शिक्षिकाबाईंनी वरून कडाडून निषेध नोंदवला. बायकोने हुज्जत घालून भाव निम्म्यावर आणला आणि पैसे आणायला आत गेली.

तेवढ्यात अनुस्वाररावांनी दाराकडे एकदा पाहून घेतलं, प्लंबरच्या कानाशी लागले आणि पूर्ण भावाने आणखी दोन घेतल्या.