अण्णांचं बीकन

आमच्या नाशिक रोडच्या सोसायटीत अण्णांना काहीही म्हणा. हेकट म्हणा, गच्चीवर तारा ताणून आख्ख्या बिल्डिंगचे पापड-कुरडया देशोधडीला लावणारा म्हणा, ते हसतील. पण त्यांच्या बीकनला 'ऑटोमॅटिक स्टेशन' म्हणालात, की एकलहऱ्याच्या चिमणीने जन्मात सोडला नसेल एवढा धूर त्यांच्या कानांतून निघतो.

अण्णा तिथल्याच वीज केंद्रातून निवृत्त झालेले, लायसन्सवाले हौशी रेडिओवाले. रोज संध्याकाळी त्यांचं यंत्र मोर्समध्ये त्यांचं सांकेतिक नाव आकाशात सोडत बसतं. टिट टिट टा. ज्याला ऐकू येईल त्याने समजावं, आज लहरी इथवर पोचल्या. उत्तराची अपेक्षा नाही. हे बीकन.

मी भाबडेपणाने म्हणालो, "म्हणजे ऑटोमॅटिकच की."

गॅसवरचा चहा आटला, भांडं वितळलं, तरी अण्णा बोलतच होते. "शब्द जपून वापरा. बीकन हे कामाचं नाव. ऑटोमॅटिक म्हणजे यंत्रापाशी माणूस नसणं. कीर्तनकार एकटाच बोलतो, म्हणून त्याला कॅसेट म्हणाल? मी बसलोय ना इथे? का दिसत नाही?"

दिसायचे, तेच तर दुखणं. बाथरूमला उठले तरी आधी स्विच बंद. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला वरच्या मजल्यावरून खाली उतरले नाहीत. मी असा भडकलो, की पाण्याच्या मोटरला लावतात तसला टायमर विकत घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो.

"हा लावा आणि लग्नाला या. यंत्र आपलं आपण बोंबलत बसेल."

अण्णा ओरडले नाहीत. तिथेच मी घाबरलो.

"सायखेड्याचा निवृत्ती, वीज केंद्रात माझ्या पाळीतला," ते म्हणाले. "अर्धांगाने वाचा गेली त्याची. रोज संध्याकाळी रेडिओ कानाशी धरतो. माझी टिटटिट आली, की सुनेला बोट वर करून दाखवतो. म्हणजे अण्णा बसलाय. मगच घास घेतो."

"टायमर लावला तरी त्याला ऐकू येईलच की."

"येईल ना. मी मेलो तरी येत राहील." त्यांनी टायमर माझ्या हातात परत ठेवला. "त्याला खोटं कोण सांगणार?"

लग्नाच्या संध्याकाळी मीच ताट घेऊन वर गेलो. अण्णांनी स्विच बंद केला, जिलेबी अख्खी तोंडात कोंबली, ठसका लागला.

"सावकाश खा की हो अण्णा."

"सावकाश कसलं," भरल्या तोंडाने ते स्विचकडे सरकले, "तिकडे तो घास हातात धरून बसला असेल."