जिभेचं इन्स्पेक्शन

दर रविवारी सकाळी आठला सबनीसकाका गॅलरीत खुर्ची टाकून बसत, दाढीचा आरसा समोर धरत आणि जीभ बाहेर काढून मनात दहा आकडे मोजत. नेमक्या त्याच वेळी समोरच्या घरतकाकू तुळशीला पाणी घालायला अंगणात येत. पहिल्या रविवारी त्यांनी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या रविवारी तांब्या खाली ठेवला. तिसऱ्या रविवारी त्यांनीही जीभ काढली, चांगली हनुवटीपर्यंत, आणि वर बघून ओरडल्या, "ए सबनीस, मला पण हाय! बघ!"

काकांनी आरसा बाजूला ठेवून नीट पाहिलं. "एकदम स्थिर," ते म्हणाले. "वळवळ नाही, थरथर नाही. पास!"

आमच्या शिरगावात तेव्हा इमारती थोड्या आणि भातखाचरं जास्त. ही बातमी दुपारपर्यंत बदलापूर स्टेशनला पोचली.

सबनीसकाका अंबरनाथच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात होते. यंत्राचा भाग ठरलेल्या मापापेक्षा केसभर इकडेतिकडे झाला तरी चालतो. तेवढ्या सुटीला ते लोक टॉलरन्स म्हणतात. काकांनी तो शब्द सगळ्या जगाला लावला होता. आमटी खारट झाली तर "टॉलरन्समध्ये आहे." बारवी धरणाचं पाणी गढूळ आलं की "रिजेक्ट." मला बघायला आलेला एक मुलगा जिन्यात भेटला, तर त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळून माझ्या कानात म्हणाले, "रीवर्क लागेल."

मी विशीची होते आणि रागावलेली होते. आमचं पाच जणांचं मंडळ होतं. पाणी, रॉकेल, शाळेची फी, कशावरही आम्ही सायक्लोस्टाइल पत्रक काढत असू. काका मला नावानं हाक मारतच नसत. "काय हँडबिल, आज कोण मुर्दाबाद?"

एकदा त्यांना पत्रक देताना कागद त्यांच्या बोटांत फडफडत राहिला. वारा नव्हता. मी धीर करून विचारलं, हे हात, ती जीभ, काय आहे हे?

"गोळी," काका म्हणाले. पत्ता सांगावा तसं. "पंधरा वर्षांपूर्वी कारखान्यातला मायक्रोमीटर, केसभर जाडी मोजायचं हत्यार, माझ्याशी बोलायला लागला. बोलला तर बोलला, पण खोटं बोलायचा. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी गोळी दिली, तो गप्प झाला. त्याचं भाडं म्हणून हात थरथरतात, तोंड कोरडं पडतं. वर्षानुवर्षं घेतली की कुणाकुणाची जीभ आपोआप हलायला लागते. ज्याची हलते त्याला कळतही नाही. लवकर दिसली तर डॉक्टर काही करू शकतात. म्हणून रविवारी तपासणी. कारखान्यात लोखंड तपासतो, घरी मी मला."

असल्या गोळ्या लोक तांदळाच्या डब्यात लपवायचे तो काळ. घरात कुणाला हा आजार आहे म्हटल्यावर बहिणींची लग्नं मोडायची. आणि हा माणूस गॅलरीत बसून, भर उजेडात, स्वतःची जीभ तपासत होता. एवढं धाडस आमच्या पाच जणांत मिळूनही नव्हतं.

मला ते धाडस दिसलं, पण त्याहून जास्त दिसला अन्याय. त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं: 'गोळ्यांची गुलामी झुगारा!' आणि मोठ्या अभिमानानं काकांना वाचायला दिलं.

त्यांनी लाल पेन्सिल घेतली. पूर्ण वाचलं. एका शब्दाभोवती वेडावाकडा गोल काढला.

"रिजेक्ट?" मी विचारलं.

"रीवर्क. 'झुगारा' काढ, 'विचारा' टाक. डॉक्टरांना."

"काका, विचारून विचारून कधी क्रांती झालीय का?"

"क्रांतीचं मला ठाऊक नाही. गोळी मी झुगारली होती एकदा. हात थांबले, तोंडाला पाणी सुटलं, महिनाभर राजा होतो. मग तो मायक्रोमीटर परत आला, आणि या वेळी घरी आला." ते पेन्सिलीचं टोक बघत राहिले. "माझी मंजू सात वर्षांची होती. तिची आई तिला घेऊन रोह्याला माहेरी गेली. बरोबर केलं तिनं."

मग मला लिहायला बसवलं. "घे. हात थरथरले तर डॉक्टरांना सांगा. पाय एका जागी ठरेनात तर सांगा, त्याला वेड वाढलं समजू नका. झटकन उठू नका, चक्कर येते. दारू नको. दुसऱ्याची गोळी तर मुळीच नको. नको वाटली तरी मनानं बंद करू नका, कमी करायची तर डॉक्टर करतील. आणि ताप भरून अंग लाकडासारखं ताठ झालं तर हे हँडबिल वाचत बसू नका. टांगा मिळो, टेम्पो मिळो, हॉस्पिटल गाठा."

मी तसंच छापलं. 'मुर्दाबाद' नसलेलं माझं पहिलं पत्रक.

त्याच वर्षी काकांना रोह्याहून पोस्टकार्ड आलं. मंजू येत होती, एकटी, रविवारी. बारा वर्षांनी.

शुक्रवारी काका माझ्या दारात उभे. आवाज खाली आलेला. "हँडबिल, आजपासून दोन दिवस गोळी नाही घेतली तर? तिला चहा द्यायचाय. कपबशी वाजायला नको."

हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा खोटा माल पास करायला निघाला होता. मला खरं तर "सोडा" म्हणायचं होतं. मलाही त्यांची कपबशी वाजायला नको होती.

"विचारा," मी म्हटलं.

ते माझ्याकडे रागानं बघत राहिले, मग हसले, आणि आम्ही उल्हासनगरला गेलो. म्हातारे सिंधी डॉक्टर चष्म्यावरून म्हणाले, "साईं, दो गोली छोड़ने से हाथ नहीं रुकेगा. और जो रुका हुआ है, वो चल पड़ेगा." थरथरीसाठी वेगळी छोटी गोळी चालू होती, तिचं प्रमाण त्यांनी थोडं बदललं आणि आठ दिवसांनी दाखवायला बोलावलं.

रविवारी काकांनी मला साक्षीला बोलावून गोळी घेतली. मंजू आली. उंच, गंभीर, काकांसारखंच कपाळ. काका ट्रे घेऊन आले आणि कपबशा अशा वाजल्या की तिन्ही कप निम्मे झाले.

"हात गोळीमुळे हलतो, मंजू," ते म्हणाले. "मी ठीक आहे."

"बसा बाबा. मी करते दुसरा."

तिनं चहा करून आणला. तीन कप मांडले. मग काकांचा कप उचलला, एक घोट घेतला, ओढणीनं कड पुसली आणि त्यांच्यापुढे ठेवला. काय ही रीत, मला वाटलं.

काकांनी कपाला हात लावला नाही.

"आता चाखावं लागत नाही, बाळा."

मंजू लाल झाली. "लक्षातच नाही आलं, बाबा. हातानं आपोआप..."

काका माझ्याकडे वळले. माझ्यापासून त्यांनी काही लपवलं नव्हतं, हेही लपवलं नाही. "गोळी सोडली तेव्हा मला वाटायचं, घरातल्या चहात काहीतरी घालतात. आधी ही एक घोट घ्यायची, मगच मी प्यायचो. सात वर्षांची होती."

काकांनी आपला चाखलेला कप मंजूकडे सरकवला आणि तिचा, कुणीच तोंड न लावलेला, दोन्ही हातांनी उचलला. थोडा बशीत सांडला, थोडा सदऱ्यावर. उरलेला ते तिच्याकडे बघत, तळापर्यंत प्यायले.