चाकाला लावलेली थाली

कुठे काही करकरलं की सेवकभाऊंचा हात खिशातल्या तेलाच्या कुपीकडे जातो. पुतणीच्या साक्षगंधात व्याह्यांची खुर्ची वाजत होती. यांनी व्याह्यांना उठवून आधी खुर्चीत तेल सोडलं, मग चहा घेतला. सौंदडला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं सायकलचं दुकान आहे आणि समोरच माझं घर, म्हणून हे सगळं मला रोज बघावं लागतं.

डिस्क ब्रेकवर तर त्यांचा भारी राग. "चाकाले थाली कायले लावता जी? जेवाचं हाय का तिच्यात? रबर घासला तं मी इथंच बदलून देतो. थाली बिघडली तं पळा गोंदियाले! वरून वजन."

"पावसात रिम ओली झाली की तुमचं रबर घसरतं, सेवकभाऊ. डिस्क चिखलातही थांबवते."

"मंग हळू चालवा ना! बिरसीले जाऊन कोनतं विमान पकडाचं हाय तुमाले?"

शेवटी मी फितुरी केली. त्यांची मुलगी राणी गोंदियाला कॉलेजात शिकते, सायकलच्या शर्यतीत उतरते. नवी सायकल घेताना तिने मला विचारलं आणि मी बेधडक डिस्कवाली सांगितली. सेवकभाऊ आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

रविवारी राणी ती सायकल घेऊन घरी आली. ब्रेक नुसते किंचाळत होते. पोरगी जेवायला बसली आणि बापाने, प्रेमापोटीच हो, दोन्ही थाल्यांना भरपूर तेल पाजलं. जेवून ती सरावाला निघाली, तेव्हा यांनी मला मुद्दाम हाक मारली. "पाहा गुरुजी, कशी चूप केली तुमची डिस्क!"

मी ओरडलो, "अहो, तिथे तेल चालत नाही! आता ब्रेक लागणारच नाही!"

आम्ही दोघं धावत सुटलो. तलावाच्या पाळीवरून उतरताना राणी सरळ धानाच्या बांधीत गेली होती. कमरेपर्यंत चिखल, आणि बया हसत होती. "बाबा, थांबलीच नाई ना जी!"

सेवकभाऊ धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच, मटकन बसले. मलाही माझ्या शहाणपणाची लाज वाटली.

उभ्या जन्मात कोणाला काही न विचारणारे सेवकभाऊ दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून गोंदियाला गेले आणि पोराच्या वयाच्या मिस्त्रीसमोर दिवसभर बसले. ब्रेकचे नवे पॅड आणले, थाल्या स्पिरिटने पुसून काढल्या. राणीची शर्यत येत्या रविवारवर आली होती.

बुधवारी सकाळी शाळेच्या मैदानावर बघतो तर काय, साठीचे सेवकभाऊ पायजमा खोचून राणीच्या सायकलवर! जोरात यायचे, ब्रेक दाबायचे, उतरून चाक बघायचे, पुन्हा निघायचे. नवे पॅड असे घासूनच थालीवर नीट बसतात. पण वीस-पंचवीसदा पुरतं. यांना तासभर झाला होता.

"पुरे आता, सेवकभाऊ! छाती भरून आली तुमची."

"नाई जी," ते धापा टाकत म्हणाले. "शंभरदा हिले माह्यासाठी थांबू द्या. मंग पोरीसाठी थांबन."

मी हजेरीपट ओट्यावर ठेवला आणि मोजायला उभा राहिलो.