बबनच्या दारातला ट्रे

बबनच्या घरात सोनं घालून जाता येत नाही. चप्पल घालून गेलात तर एक वेळ तो काही म्हणणार नाही, पण कानात कुडी असली तर उंबऱ्यावर अडवतो. दाराशेजारी स्टुलावर स्टीलचा ट्रे आणि त्याच्या वर खिळ्यांना नंबर घातलेले पितळी बिल्ले. दागिना ट्रेमध्ये ठेवायचा, बिल्ला घ्यायचा, जाताना बिल्ला देऊन दागिना घ्यायचा. पाहुणा कितीही मोठा असो. "आधी सेफ्टी, मग भक्ती," म्हणतो आणि ट्रे पुढे करतो.

याला कारण त्याचा देव. त्याच्या देव्हाऱ्यात पाऱ्याचं शिवलिंग आहे. ताप मोजायच्या काचेत असतो तोच पारा, पण चांदी आणि कसल्या कसल्या जडीबुटी घालून घट्ट बांधलेला. दिसायला लिंबाएवढं, उचलायला जावं तर मनगट खाली येतं. आणि पारा सोनं खातो. नुसतं लागलं तरी सोनं पांढरं पडतं. हे सगळं मला बबननेच सांगितलं. माझी शाळा चौथीत सुटली, मला हे कुठून माहीत असणार? त्याच्यासमोर पारा म्हणायचीही सोय नाही. "पारद म्हण, आक्का. पारा डागदरकडं असतो."

थेरगावात आमची दारं समोरासमोर आहेत. मी डांगे चौकात भाजी विकायचे, आता गुडघ्यांमुळे घरी असते. बबन मूळचा चाकणकडचा. घरचं शेत कंपनीत गेलं आणि त्याच शेतावर उभ्या राहिलेल्या कारखान्यात तो लेथवर लागला. फिरत्या मशीनपाशी अंगठी, कडं, साखळी चालत नाही. कशात अडकली तर बोटासकट जाते. म्हणून कामावर जाताना सगळं गेटवर उतरवायचं, आणि पुढे पुढे ते उतरवून घ्यायला बबनच उभा असायचा. रिटायर झाल्यावर माणसं देवधर्म करतात. यानेही केला, पण येताना कंपनीचं गेट घरी घेऊन आला.

देवाची ताटली त्याने स्वतः लेथवर स्टीलची केली, कारण तांब्या-चांदीलाही पारा धरतो म्हणे. ताटलीच्या कडेवरून बोट फिरवलं तर कुठे अडत नाही. मी उभ्या जन्मात पुष्कळ भांडी घासली, तसं काम पाहिलं नाही. देवाला तो पाणी घालत नाही, दूध घालत नाही. कोरड्या सुती फडक्याने पुसतो आणि बेल वाहतो. कुणी तीर्थ मागितलं तर साफ नाही म्हणतो. "दर्शन घ्या आन् प्रसादाला केळं घ्या. पारद पोटात जायचं काम न्हाई." देवाच्या नावाखाली काहीही पाजणारे मी पाहिले आहेत, त्यामुळे एवढ्यासाठी तरी मला हा माणूस आवडतो.

एकदा त्याचा चुलत भाऊ आला होता. गावची जमीन विकून मोठा झालेला. गळ्यात बैलाला बांधतात तशा साखळ्या, दहा बोटांत अंगठ्या, मनगटात कडं. बबनने ट्रे पुढे केला. भाऊ हसला, त्याला चेष्टा वाटली. बबन हसला नाही. मग भाऊ काढायला बसला. एक अंगठी बोटात रुतलेली, ती निघेना, तर बबनने आतून साबण आणून दिला. ट्रे भरला, बिल्ले संपले. शेवटी भाऊ म्हणाला, "राव, हितं दर्शनाला आलोय का जेलात?" आणि चहा न घेता सगळं पुन्हा घालून निघून गेला. संध्याकाळी बबन त्याच्याकडे गेला, चाकणपर्यंत, दोन बस बदलून. एक अंगठी ट्रेच्या खाली पडली होती, ती द्यायला. कुणाचा दागिना त्याच्याकडून कधी इकडचा तिकडे झाला नाही.

मी राहायला आले तेव्हा त्याची बायको सुमन जाऊन वर्ष झालं होतं. घरात तो आणि मुलगा विनोद. विनोद शिफ्टला जाणारा, मुका मुलगा म्हणावा इतका गप्प. त्याचं लग्न ठरलं, राजगुरुनगरची मुलगी, स्नेहल. बबनला वाटलं, घर पुन्हा भरेल. त्याने भिंतींना रंग दिला, स्वयंपाकघरात नवी मांडणी लावली, मला विचारून विचारून डबे आणले.

लग्न लागून संध्याकाळी वरात घरी आली. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं, शेजारणीने ओवाळलं. स्नेहल माप ओलांडायला पाय उचलणार, इतक्यात बबन ट्रे घेऊन पुढे आला.

"बाळ, मंगळसूत्र हितं ठेव. सेफ्टी हाय."

जिन्यातली वरात जागीच थांबली. नुकतं बांधलेलं मंगळसूत्र उंबऱ्यावर उतरवायचं म्हणजे काय, हे मला समजावून सांगायला नको. ते मी एकदा उतरवलंय. मुलीने मुठीत मंगळसूत्र धरलं. तिच्याबरोबर पाठराखीण म्हणून तिची मावशी आली होती, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "सुनेचं मंगळसूत्र उतरवणारा सासरा आज बघितला. स्नेहल, मागं फिर. गाडी अजून खाली हाय." मुलीने उचललेला पाय मागे घेतला. विनोद एकदा बापाकडे, एकदा बायकोकडे बघत होता.

बबनने ट्रे छातीशी धरला. तो म्हणाला, "मी वाईट म्हणून सांगत न्हाई, बाय. लई वाईट व्हतं त्यानं." त्याने बिघडलं आणखीच. मावशीने मुलीचा दंड धरला.

मला असली नाटकं सोसत नाहीत. मी म्हटलं, "बबन, सून सोनं काढणार न्हाई. देवाला बाहेर काढ."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता चिडेल. त्याने ट्रे स्टुलावर ठेवला, आत गेला आणि दोन्ही हातांत ताटली धरून आला, वर तो देव. सुनेपासून अंग चोरून बाहेर पडला आणि माझ्या दारापुढे उभा राहिला. "आक्का, दार उघड."

माझ्या पिठाच्या डब्याशेजारी देव बसला. समोर सुनेने माप ओलांडलं.

तेव्हापासून बबन रोज सकाळी पूजेला माझ्याकडे येतो. ट्रे आणि बिल्लेही इकडे आले. आता माझ्याच घरात तो माझ्यापुढे ट्रे करतो, मी कुड्या काढून एक नंबरचा बिल्ला घेते, आणि तो फडकं मारून गेला की परत कुड्या घालते. स्नेहल बेलाची पानं आणते, पण दारातूनच देते. तिच्याशी तो चांगला वागतो. मावशीही परवा लाडू घेऊन आली, नथ घालून. नथ निमूट ट्रेमध्ये ठेवली.

एके दिवशी मी बबनला विचारलं, "तू एवढा जपतोस. सोनं लागलं तर देवाला होणार काय?"

"देवाला काय व्हतंय, आक्का? मी देवाला न्हाई जपत. तुमाला जपतो."

त्याच्या करंगळीत एक पांढरी अंगठी असते. ती तो कधी ट्रेमध्ये ठेवत नाही. मला वाटायचं, स्टीलची आहे, लेथवर केलेली. त्याने ती माझ्यापुढे धरली. सोन्याची होती, सुमनची. ती आजारी पडली तेव्हा कुणी तरी सांगितलं म्हणून हा देव घरी आला. ती रोज त्याला हाताने आंघोळ घालायची. अंगठी काढायला तिला कुणी सांगितलं नाही. अंगठी पांढरी झाली. सोनार म्हणाला, तापवली की पिवळी होईल. सुमनने देऊ दिली नाही. म्हणाली, कशी का दिसंना, तुमीच घातलेली हाय. पुढे ती गेली.

"जलमभर गेटवर दुसऱ्यांच्या अंगठ्या काढाय लावल्या," बबन म्हणाला, "आन् घरात इसरलो."

मी म्हटलं, "ती आजारानं गेली. अंगठीनं कुणी मरत न्हाई."

"व्हय. कळतंय की मला."

"मग हा देव कशाला ठेवलास? नदीत सोडायचा."

तो फडक्याने देव पुसत होता. "तिच्या अंगठीचं सोनं ह्याच्यात गेलंय, आक्का. ते कुठं सोडू?"

मी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा माझ्या कुड्या आधीच ट्रेमध्ये होत्या. त्याने पाहिलं. एक नंबरचा बिल्ला काढून माझ्या हातावर ठेवला.